काजळीचं स्थळ

नारायणगावच्या पंचक्रोशीतल्या निम्म्या सासवा भिका फोटोवाल्यावर दात खाऊन होत्या. भिकाने काढलेला फोटो आणि मांडवात उभी राहिलेली सून यांचं नातं फार तर चुलत म्हणता आलं असतं. तिरळी मुलगी त्याच्या फोटोत फुलदाणीकडे बघत असे. बुटकी मुलगी पाटावर उभी असे आणि पाट साडीच्या निऱ्यांखाली. सावळी मुलगी तर इतकी उजळ निघे की सख्ख्या आईला पुन्हा निरखून बघावं लागे.

भिका मूळचा भीमाशंकरच्या डोंगरातला. भातखाचरं धाकट्या भावावर सोडून तो आधी देवळापाशी यात्रेकरूंचे फोटो काढायचा, कळसासकट, आणि टपालाने घरी धाडायचा. मग वारूळवाडीत एका खोलीचा स्टुडिओ टाकला. "व्यंग दाखवाया डाक्टर हायेत की," तो म्हणायचा. "माझ्याकडं माणूस कशाला यील?"

हीच विद्या त्याने पुढे कुत्र्यांवर चालवली. साल २००२. बाजारपेठेतल्या उगमबाईंनी वारूळवाडीच्या आपल्या जुन्या कांद्याच्या गोदामात टाकून दिलेली, जखमी कुत्री आणून ठेवली होती. त्यांना मुंगीसुद्धा ओलांडून जायची सवय, तिथे कुत्रं कसं टाकवणार? पण त्या वर्षी उसात बिबटे फार झाले होते आणि कुत्र्यांच्या वासाने ते गोदामामागच्या उसापर्यंत यायला लागले. शेजारी ओरडू लागले. उगमबाईंचा मुलगा अरिहंत याला गोदाम कांद्यासाठी हवंच होतं. त्याने आईला सांगून टाकलं, सोमवारपर्यंत जी उरतील ती टेम्पोत घालून घाटात सोडणार. घाटात सोडणं म्हणजे बिबट्याला ताट वाढून देणं, हे त्यालाही माहीत होतं. म्हणून तो ते आईकडे न बघता म्हणाला.

उगमबाईंनी भिकाला बोलावलं. "एवढ्या मुली उजवल्यास, आता यांचं बघ."

भिकाने काश्मीरच्या तळ्याचा पडदा लावला. लंगड्या कुत्र्याला कुंडीआड बसवलं, कान फाटलेल्याची दुसरी बाजू घेतली. फोटो डेअरीच्या भिंतीवर, चहाच्या टपऱ्यांवर लागले आणि स्थळं पटापट जमली. मग एक गिऱ्हाईक कुत्रं घेऊन परत आलं.

"भाऊ, फोटोत चार पाय व्हते."

"तीनच दिसत व्हते. चौथा तुमी धरला."

उगमबाईंनी ते कुत्रं आपल्या घरी ठेवून घेतलं. अरिहंतने हात जोडले, "आई, हे शेवटचं. दुसरं घरात आलं तर मी बाहेर." मग उगमबाई भिकाकडे वळल्या. "फसलेली सासू सून ठेवून घेते रे. कुत्रं परत येतं. आता जसं असेल तसं काढ."

तोवर एकच उरली होती. काजळी. रंगाने तव्याच्या बुडासारखी, एक कान अर्धा, आणि मानेवर बिबट्याच्या दातांचा मोठा भरलेला व्रण. त्याच्या तोंडातून ती कशी सुटली ते तिलाच ठाऊक. काळं कुत्रं फोटोत नुसतं भोक पडल्यासारखं दिसतं, म्हणून भिकाने स्टीलचं ताट तिरकं धरून तिच्या अंगावर ऊन पाडलं. पडदा नाही, कुंडी नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याने गिऱ्हाइकाची जखम उजेडात धरली आणि खटका दाबताना त्याला स्वतःचीच लाज वाटली. फोटो लागले. लोक बघत, चुकचुकत आणि चहा पीत.

सोमवार उजाडला. भिकाच्या घरमालकाने कुत्र्याला साफ नाही म्हटलं होतं. अरिहंतने टेम्पो गोदामाच्या दाराला लावला आणि भिकाला काजळीची दोरी सोडायला लावली. उगमबाई जपमाळ ओढत दाराशी उभ्या होत्या. तेवढ्यात रस्त्यावर एसटी थांबली. पन्नाशीची एक बाई उतरून तरातरा आली. हातात फोटो, त्याला टपरीच्या भिंतीचा रंग चिकटलेला.

"मी लंकाबाई, पारगावची. कारखान्यापाशी टपरीवर व्हता ह्यो. हीच ना?"

"हीच, अक्का," भिका म्हणाला.

लंकाबाईने काजळीचे दात पाहिले, मान तिरकी केली, पुन्हा फोटो पाहिला. "हाय तश्शीच हाय," ती संशयाने म्हणाली. "फोटोमागं तुमचा शिक्का हाय म्हणून बघते. माझ्या सुनंचा फोटो तुमीच काढला व्हता."

भिकाने चपलेकडे बघितलं.

"घर उसात हाय माझं," लंकाबाई म्हणाली. "नातवंडं अंगणात असत्यात. बिबट्या रोज फिरतोय. भुंकती ना ही?"

अरिहंतने इंजिन चालू केलं. उगमबाईंच्या हातातली माळ थांबली. काजळी गोदामात आल्यापासून एकदाही भुंकली नव्हती. एक "हो" म्हटलं की आज ती सुटत होती. मग पुढच्या आठवड्यात लंकाबाई तिला परत आणणार, नाहीतर तेवढेही कष्ट न घेता उसाच्या कडेला सोडणार. "हो" भिकाच्या जिभेवर आलेलाच होता. त्याने तो कसाबसा गिळला.

"न्हाई भुंकत."

उगमबाईंनी डोळे मिटले. लंकाबाईने फोटोची घडी घातली. "मग करती काय?"

"सांजचं भाकर घालाय येतो मी. मागल्या उसात बिबट्या आला तर ही थरथरती आन् येऊन माझ्या पायावर बसती. आवाज न्हाई. पाय वडला तरी उठत न्हाई. सकाळी बांधावर ठसं असत्यात."

अरिहंत हसला. पण भिका बोलत होता तेव्हाच काजळी उठली होती. शेपटी पोटाखाली घेऊन ती आली, भिकाच्या पायावर बसली, आणि तिचं थरथरणं त्याच्या गुडघ्यापर्यंत चढलं.

वारा नव्हता, तरी मागच्या उसात एका ओळीत पानं हलत गेली. लंकाबाईने हळूच उगमबाईंचा दंड धरला आणि त्यांना दारामागे घेतलं. भिकाला पळता येईना. पाय अडकलेला. पानं हलायची थांबली. कितीतरी वेळ नुसतं इंजिन धडधडत राहिलं.

"इंजिनला घाबरली ती," अरिहंत म्हणाला. केबिनमध्ये बसून, काचा पुरत्या वर करून म्हणाला.

शेवटी काजळीने मोठी जांभई दिली आणि पाय मोकळा केला.

लंकाबाई बाहेर आली. "माझी दोन कुत्री लई भुंकायची," ती म्हणाली. "भुंकाया भाईर गेली, तिथनंच गेली. बिबट्याला सांगनारं नगं मला. मला सांगनारं पायजे."

तिने काजळीला उचलून काखेत मारलं आणि टेम्पोचं दार ठोठावलं. "उघडा शेठ. एसटीत न्हाई घेनार हिला."

"मी घाटात निघालो होतो," अरिहंत आईकडे बघून म्हणाला.

"घाट कुठं पळत नाही," उगमबाई म्हणाल्या. "पारगावला सोड दोघींना."

टेम्पो मंचरच्या बाजूला वळला आणि भिकाने श्वास सोडला. मागच्या बांधावर ठसे बघायला मात्र तो गेला नाही. ठसे नसते, तर ते उगमबाईंना सांगावं लागलं असतं, आणि एका सकाळीत इतकं खरं बोलायची त्याच्या पोटाला सवय नव्हती.