टाकीवाल्यासाठी दोन मिनिटं

दत्ता येवल्याला नारळाचं वय कळतं, असं ऑफिसात म्हणत. नारळ नुसता कानाशी हलवला की तो सांगे, हा पहिल्यांदाच सत्काराला निघालाय की आधी दोन-चार साहेबांच्या हातांतून फिरून आलाय. कळणारच, कारण फिरवणारा तोच. साहेब लोक शाल-श्रीफळ घेतात, फोटोपुरतं हसतात आणि सगळं टेबलावर विसरून गाडीत बसतात. ते सगळं दत्ताच्या लोखंडी कपाटात जमा होई आणि पुढच्या निरोप समारंभाला तीच शाल इस्त्री होऊन नव्या खांद्यावर चढे. एका इंजिनिअरला तर रुजू होताना मिळालेली शाल बदलीच्या वेळी पुन्हा मिळाली. त्याने ती ओळखली, पण बिचारा म्हणाला, "रंग छान आहे."

मावळात, लोणावळ्याच्या अलीकडे, महामार्गाच्या अंगाला पाणीपुरवठ्याचं एक सरकारी ऑफिस आहे. कुठलं ते विचारू नका, मंडळी अजून नोकरीत आहेत. दत्ता तिथला हेडक्लार्क. मूळचा कार्ल्याचा, घरची भातखाचरं, रस्त्याकडेचा तुकडा एका मिसळवाल्याला भाड्याने दिलेला. माणूस कामाला वाईट नव्हता, पण त्याचा जीव माइकमध्ये. 'व्यासपीठावर विराजमान' हे शब्द तो असे उच्चारी की प्लॅस्टिकच्या खुर्चीत लवंडलेला पाहुणाही सावरून बसे. कुणाला आधी बोलवायचं, फेटा कुणाला आणि नुसता गुच्छ कुणाला, सवाष्णीची ओटी भरायची आणि नवरा गेलेल्या बाईला लांबूनच शाल देऊन नमस्कार करायचा, हे सगळं त्याला तोंडपाठ. त्याची बायको राजेश्वरी एकदा वैतागून म्हणाली, "यमाच्या दारात गेलात तरी आधी प्रास्ताविक कराल तुम्ही." दत्ताने ती तारीफ समजून चार जणांना सांगितली.

गेल्या जुलैत वरून हुकूम आला. ऑफिसात नोकरीला असलेल्या किंवा होऊन गेलेल्या माजी सैनिकांचा कुटुंबीयांसह सन्मान करा. खाली दोन नावं होती. एक रखमाजी शेलार, ड्रायव्हर. त्याला कोण ओळखत नाही? माणसाच्या आधी मिशा खोलीत शिरतात. दुसरं नाव कान्हू उघडे, मुक्काम ठाकरवाडी.

"हा कोण रे?" दत्ताने शिपायाला विचारलं.

"काय की. आपल्यात तर न्हाई दिसला कुनी."

रखमाजी तेव्हा रजेवर. कपाटावरची फाईल काढून बघायची तर स्टुलावर चढायला हवं. दत्ता चढला नाही. असेल जुना कुणी, असं म्हणून त्याने ठाकरवाडीला जाणाऱ्या जीपवाल्याकडे निरोप धाडला, की उघड्यांच्या घरच्यांनी शनिवारी कार्यक्रमाला यावं.

आता ऐका. या कान्हू उघड्याशी दत्ता रोज फोनवर बोलत होता.

वर डोंगराच्या कुशीत पाण्याची मोठी टाकी आहे. तिथून वॉल फिरवून खालच्या वाड्यांना आणि बंगल्यांच्या सोसायट्यांना पाणी सोडणारा माणूस तो कान्हू. पलटणीतून नाईक होऊन सुटला, माजी सैनिकांच्या राखीव जागेवर इथे लागला आणि लागल्या दिवसापासून टाकीवर. पगार बँकेत, हजेरी फोनवर. ऑफिसात त्याचं नाव घ्यायची वेळच कधी कुणावर आली नाही. दत्ताच्या मोबाईलमध्ये तो 'टाकी' म्हणून होता. "टाकी, पाणी सोड." "टाकी, सोसायटीवाले बोंबलतायत." आणि पलीकडून ठरलेलं उत्तर, "व्हय साहेब."

शनिवारी सकाळी टाकीचाच फोन आला. "साहेब, आज दुपारपातुर मोकळीक द्याल का? कार्यक्रमाला यायचं व्हतं."

"तुझं काय काम तिथं? जेवण पाहिजे ना? डबा पाठवतो. आज मोठे साहेब येणार, आणि नेमकं आजच कुठे पाणी आलं नाही तर माझी अब्रू जाईल."

पलीकडून तेच ठरलेलं उत्तर आलं, "व्हय साहेब."

कान्हूला वाटलं, साहेबांना सगळं ठाऊक आहे आणि तरी नाही म्हणताहेत, म्हणजे नाही. जन्मभर हुकूम पाळलेला माणूस. 'पण साहेब' हे शब्द त्याच्या जिभेला माहीतच नव्हते.

त्याची बायको हिरी मात्र आली. भातलावणीचे दिवस. चिखलात तुटून जाते म्हणून काळी पोत डब्यात ठेवलेली, गळा मोकळा. कपाळावर हिरवं गोंदण. ठाकरवाडीतल्या जुन्या बायकांना ते गोंदण असलं की कुंकू लावलंच पाहिजे असं काही नसतं. धुवून फिकं पडलेलं लुगडं नेसून ती पहिल्या रांगेत बसली, शेजारची खुर्ची रिकामी.

दत्ताने लांबून बघितलं. गळा मोकळा, कपाळी कुंकू नाही, सोबत पुरुष नाही. नारळ हलवून बघावा तसं त्याने त्या बाईचं आयुष्य एका नजरेत ओळखलं. विचारावं, असं मनात आलंही. पण बाईमाणसाला कसं विचारायचं, की मालक आहेत ना? ते बरं दिसत नाही. तो हळदीकुंकवाचं ताट धरून उभ्या असलेल्या सुषमाकडे गेला. सुषमा ऑफिसातली टायपिस्ट, मूळची पवनानगरकडची.

"उघडेबाईंपाशी थांबू नकोस. ताट पुढे ने."

"अहो दत्ताभाऊ, गोंदलंय त्यांनी. आमच्याकडं वरच्या वाड्यांत—"

"सुषमा, मला सत्कार शिकवू नकोस."

सुषमा ताट सावरून उभी राहिली. दत्ताला सत्कार शिकवायचा म्हणजे माशाला पोहणं शिकवण्यासारखंच होतं की!

रखमाजी आणि त्याची बायको अंबूबाई यांचा सत्कार दणक्यात झाला. फेटा बसला, ओटी भरली, मिशांचे सगळ्या बाजूंनी फोटो निघाले. मग हिरीला वर बोलावलं. सुषमा ताट घेऊन समोर आली तशी कुंकू लावून घ्यायला हिरीने हनुवटी जराशी पुढे केली. ताट पुढे गेलं. हिरीची हनुवटी क्षणभर तशीच राहिली आणि मग हळूच खाली आली. हे पुष्कळांनी पाहिलं. दत्तानेही पाहिलं आणि मनात म्हणाला, बिचारी, सवय जात नाही अजून.

मग लांबूनच तिला शाल देऊन, नमस्कार करून त्याने माइक हातात घेतला. पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता की पहिल्या रांगेलाही निम्मंच कळत होतं. दत्ताने आवाज ओला केला, मावळची माती आणली, सह्याद्री आणला, आणि "ठाकरवाडीचे वीर स्वर्गीय कान्हू उघडे यांना आदरांजली वाहण्यासाठी आपण सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहावं," असं म्हणून स्वतः डोळे मिटले.

सगळे उठले. मोठे साहेब उठले. हिरीही उठली. तिला पावसात एवढंच कळलं, की सरहद्दीवर गेलेल्यांसाठी उभं राहायचंय. तिने हात जोडले, मान खाली घातली.

रखमाजी माइकजवळच होता. त्याने नाव नीट ऐकलं होतं. त्याचं तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं, कारण स्तब्धता मोडायची नाही हे अंगात मुरलेलं. ती दोन मिनिटं त्या मिशांनी काय सोसलं ते त्यांनाच माहीत. नुसत्या थरथरत होत्या.

आणि त्याच वेळी कान्हू दारात आला. पाणी सोडून झालं होतं, वॉल बंद केला होता, बायकोला न्यायला आला होता. अंगावर ओला रेनकोट. बघतो तर सगळा हॉल मान खाली घालून उभा. त्याने पायताण बाहेर काढलं, टाच टाचेला लावली आणि दारातच सावधान उभा राहिला. कुणासाठी ते त्याने विचारलं नाही. असल्या वेळी विचारायचं नसतं.

दोन मिनिटं संपली आणि रखमाजी फुटला. "आरं कान्हू! ये की फुडं, लाजतोस काय? तुज्यासाटीच उबं हाय समदं!"

आधी कुणाला उमगेना. मग मागून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि ते हसू रांगेरांगेतून पुढे आलं. मोठ्या साहेबांनी रुमालात खोकून घेतलं. दत्ताने दाराकडे बघितलं. फोनमधल्या आवाजाला चेहरा नव्हता, त्यामुळे त्याला अजूनही कळलं नव्हतं. तेवढ्यात दारातला माणूस म्हणाला, "व्हय साहेब, मीच कान्हू," आणि त्या 'व्हय साहेब'ने दत्ताच्या कानांच्या पाळ्या जळाल्या.

हिरी सुषमाला विचारत होती, "कुनासाटी उबं व्हतो गं आपन?"

सुषमाला सांगावं लागलं.

हिरीने खांद्यावरची शाल काढली, घडी केली आणि खुर्चीवर ठेवली. नवऱ्याकडेही न बघता ती पावसात बाहेर पडली. कान्हू जाता जाता दत्तापाशी थांबला. "मनाला लावून घेऊ नका साहेब. जित्त्या मानसाला रडलं की आयुष्य वाढतं." आणि हसला. तो चिडला असता तर दत्ताला बरं वाटलं असतं.

पुढचं काय सांगावं! मावळात असली गोष्ट पायाने चालत नाही, जीपच्या टपावर बसून जाते. कामशेतला पोचेपर्यंत दत्ताने कान्हूच्या फोटोला हार घातला होता. पवनानगरला पोचेपर्यंत त्याचा दहावाही उरकला होता. मिसळवाला रोज नव्या गिऱ्हाईकाला विचारी, "आमच्या मालकांना भेटलात का? जपून हां, श्वास घेताना दिसू द्या त्यांना." दत्ता बाजारात मान वर करून चालेना. हसण्याचं त्याला एवढं नव्हतं. ते त्याने सोसलं असतं. रात्री डोळा लागायच्या वेळी ती पुढे आलेली हनुवटी दिसे.

शेवटी तो एका रविवारी ठाकरवाडीला गेला. लोणावळ्याहून चिक्कीचा डबा, कोरी शाल आणि कपाटातला नव्हे, बाजारातून आणलेला नारळ. चढावर दोनदा घसरला. कान्हूने त्याला घोंगडीवर बसवलं, कोरा चहा दिला. "तुमी कशापायी तरास घेतला साहेब? आता मी पेन्शन खाऊन खाऊन सरकारला बेजार करतो, बगा."

हिरी उंबऱ्यात बसून वाल सोलत होती. ती हसली नाही.

"वहिनी, माझी चूक झाली. मला माहीत नव्हतं."

"काय म्हाईत नव्हतं? ह्ये जित्ते हायती त्ये, का ह्येंचं नाव?"

दत्ताने शाल पुढे सरकवली.

"ह्ये पलटनीत व्हते तवा तार यायची, कागद यायचा, माजा जीव खाली-वर व्हायचा. पन तवा बी मी ह्येंच्यासाटी हात न्हाई जोडलं कदी. देवाम्होरं बी असं म्हनून न्हाई जोडलं. आन् तुमी मला चार लोकांत जोडाय लावलं. आता ते माघारी कसं घ्यायचं, ते सांगा."

"हिरे, ऱ्हाऊ दे," कान्हू हळूच म्हणाला.

"तुमी गप ऱ्हावा. तुमी बी सलाम ठोकून उबं व्हता, सोताच्याच मयताला." तिने शाल पायाने नव्हे, पण हाताच्या पाठीने बाजूला सारली. "ही न्या परत. द्यायचंच आसंल तर येत्या झेंड्याला ह्येंना मोकळं करा. नोकरीला लागल्यापासनं झेंड्याला गेलं न्हाईत. त्याच टायमाला तुमचं पानी सुटतं."

दत्ताने शब्द दिला. ऑफिसात आल्यावर त्याला कळलं, की पंधरा ऑगस्टला टाकीवर जायला कुणीच तयार नाही. मग तो स्वतःच गेला. नोकरीत पहिल्यांदा ऑफिसच्या झेंडावंदनाचा माइक दुसऱ्याच्या हातात होता.

कान्हूने आदल्या दिवशी सगळं दाखवलं होतं. वॉल जमिनीखाली कमरेइतक्या खड्ड्यात. त्यात उतरायचं, लोखंडी चावी बसवायची, कंबरेतून वाकून अंगाचं वजन टाकून फिरवायची. खड्ड्यात गुडघाभर गढूळ पाणी. दत्ताने दोन-चार झटके दिले, चावी जेमतेम हलली. खाली शाळेच्या मैदानात रंगीत ठिपके जमले होते. त्यातला कान्हू कुठला, हिरी कुठली, इथून कळणं शक्य नव्हतं. आली आहे की नाही, तेही.

तेवढ्यात कर्ण्यावरून राष्ट्रगीत सुरू झालं. डोंगरावर ते इतकं स्वच्छ ऐकू येत असेल, असं दत्ताला कधी वाटलं नव्हतं. त्याच्या हातात अर्धवट फिरलेली चावी होती. त्याने ती सोडली आणि खड्ड्यात, चिखलाच्या पाण्यात, सरळ उभा राहिला. बघायला कुणी नव्हतं.

राष्ट्रगीत संपलं. सोडलेली चावी निसटली होती, ती बराच वेळ पुन्हा पकडीत येईना. ती बसवतोय तोच खिशातला फोन वाजला. सोसायटीचे सेक्रेटरी.

"येवले, आजही पाणी लेट! दरवर्षी पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीला हेच. तुमचा तो टाकीवाला झोपतो का हो?"

दत्ताचा हात फोनसकट थांबला. खरंच की. दरवर्षी याच दोन दिवशी हा फोन त्याला येत होता, आणि दरवर्षी तो लगेच टाकीला फोन लावून ओरडत होता: "झोपला होतास का रे?" पलीकडून कान्हूने एकदाही सांगितलं नाही, की साहेब, राष्ट्रगीत चाललं होतं. तो एवढंच म्हणायचा, "चुकलं साहेब."

"येवले, ऐकताय ना? कोण आहे वॉलवर?"

"मीच आहे," दत्ता म्हणाला.

"तुम्ही? मग काय करत होतात इतका वेळ?"

सांगता आलं असतं. सांगितलं असतं तर सेक्रेटरी वरमले असते, कदाचित कौतुकही केलं असतं. दत्ताच्या ओठावर ते वाक्य आलंही, चांगलं घडवलेलं, माइकवर शोभेल असं.

"चुकलं साहेब," तो म्हणाला. फोन खिशात टाकून तो पुन्हा चावीवर वाकला.