कप्प्याखालचा आवाज

ज्या माणसामुळे माझ्या नवऱ्याचा आवाज मला परत मिळाला, त्यांना सगळे थांबाराव म्हणतात. हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. कुठेही काही बिघडलं की त्यांच्या तोंडून पहिला शब्द निघतो, "थांबा!" आणि पाठोपाठ, "कोणी कशालाही हात लावू नका." त्यांची बायको शिवणकाम करते, आणि टाके जिभेनेही घालते. ती मला एकदा म्हणाली, "अहो, मी लग्नाला हो म्हटलं, तेव्हाही हे म्हणाले, थांबा, नीट विचार केलात ना? मी तेव्हाच उठून जायला हवं होतं."

"मग का नाही गेलात?" मी विचारलं.

"थांबा म्हणाले ना!"

थांबाराव आमच्या शहरातल्या ध्वनिसंग्रहात काम करतात. चार मजली इमारत. खाली ग्रंथालय, तिसऱ्या मजल्यावर जुन्या आवाजांचा साठा आणि ऐकण्याची खोली. एकोणिसाव्या वर्षी ते या इमारतीत लागले ते लिफ्टवर. जाळीचं दार, पितळी दांडा आणि बसायला एक उंच स्टूल. आधी दार लावायचं, मग दार लागलं का ते ओढून बघायचं, मग मजला विचारायचा आणि मगच दांडा फिरवायचा. नऊ वर्षं त्यांनी हा क्रम एकदाही मोडला नाही. मग बटणांची लिफ्ट आली. "बटणाने माझं स्टूल खाल्लं," ते सांगतात, पण रागाने नाही. साहेबांनी त्यांना टेपची रिळं उचलायला कोठीत पाठवलं. पुढे संगणक आले आणि सर्व्हरच्या गार खोलीत बसायला कोणी तयार होईना. थांबाराव म्हणाले, "माझा स्वेटर जाड आहे. मी बसतो." बसायचं तर शिकायलाही हवं, म्हणून संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं. तिथे शिकवणारा त्यांच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान होता. थांबारावांनी त्याला कधी अरे-तुरे केलं नाही.

त्या गार खोलीत त्यांना चोवीस वर्षं झाली. हिरवा स्वेटर तोच आहे. कोपरांना बायकोने लावलेली ठिगळं मात्र तीनदा बदलली.

पहिल्यांदा मी त्या खोलीत गेले, तेव्हा त्यांनी मला त्यांचं काम समजावून सांगितलं होतं. मी विचारलं होतं, "सगळे आवाज या कपाटात आहेत होय?"

"नाही, आजी. हा नुसता सर्व्हर. आवाज पलीकडच्या खोलीत, मोठ्या पेटाऱ्यात. त्याला स्टोरेज म्हणतात. दोघांच्या मध्ये तार आहे, आणि तारेच्या या टोकाला एक छोटा प्रोग्राम, त्याचं नाव क्लायंट. तो सुरू असला की पलीकडचा अख्खा पेटारा इथे एक कप्पा होऊन दिसतो. कप्पा उघडला की सगळं आत."

"आणि सुरू नसला तर?"

"तर कप्पा दिसतो, पण रिकामा. घोळ तिथेच होतो. कारण रिकामा कप्पाही कप्पाच. त्यात कोणी काही टाकलं, तर तो नाही म्हणत नाही."

भिंतीवर त्यांच्या टपोऱ्या अक्षरात एक कागद होता. नेटवर्क आलं का बघा. क्लायंट सुरू करा. सुरू झाला का, त्यालाच विचारा. कप्पा उघडून स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. मगच बाकीचे प्रोग्राम चालू करा. मला तो कागद फार आवडला. आमच्या नाटक कंपनीत विंगेत असाच कागद असायचा: आधी दिवे, मग संगीत, मग पडदा.

आता माझ्या रिळाकडे येते. मी तीस वर्षं रंगभूमीवर काढली. आमच्या शेवटच्या प्रयोगाला कोणीतरी ध्वनिमुद्रण यंत्र आणलं आणि मायक्रोफोन नेमका विंगेत, प्रॉम्प्टरच्या कोपऱ्यात ठेवला. हा प्रॉम्प्टर म्हणजे माझा नवरा. सगळी कंपनी त्याला कुजबुजे म्हणायची, मीसुद्धा. त्या टेपवर आम्ही नट मंडळी शेजारच्या घरात भांडत असल्यासारखे ऐकू येत होतो, आणि कुजबुजे मात्र अगदी खांद्यावर बसल्यासारखा स्पष्ट. प्रत्येक वाक्य आधी त्याचं, मग आमचं. एकदा ऐकून आम्ही पोट धरधरून हसलो आणि रीळ ट्रंकेत टाकून दिलं.

कुजबुजेला जाऊन अठरा वर्षं झाली. माणसाने जन्मभर दुसऱ्यांच्या तोंडात शब्द घातले, पण स्वतःचा आवाज कुठे ठेवला नाही. माझ्याकडे त्याचे फोटो आहेत, चष्मा आहे, चपला आहेत. आवाज होता तो फक्त त्या रिळात.

रीळ मी ध्वनिसंग्रहात दिलं. जुन्या टेप उतरवून घेणारा तिथला तंत्रज्ञ, त्याला सगळे पट्टीवाला म्हणतात. त्याने नखाने पट्टी जरा खरवडली आणि माझ्याकडे बघितलं. "आजी, खोटं नाही सांगत. ही एकदाच वाजेल. वाजता वाजता हिचा लेप गळून पडणार. मी एकदाच चढवतो, जे उतरेल ते उतरेल."

मंगळवारी सकाळी त्याने ती चढवली. बुधवारी मी नवी साडी नेसून ऐकायला गेले. हसू नका. अठरा वर्षांनी नवरा बोलणार होता.

कप्प्यात माझी फाईल नव्हती.

पट्टीवाल्याचा चेहरा पांढरा पडला. त्याने पुन्हा शोधलं, नाव उलटसुलट घालून पाहिलं. मग एक ट्रे आणून माझ्यासमोर धरला. त्यात तांबूस भुकटी होती, तपकिरीसारखी, चिमूटभर. "हा तुमच्या पट्टीचा लेप. ती वाजली, आजी. मी पूर्ण ऐकली. फाईल या डोळ्यांनी बघितली. शपथेवर सांगतो."

संचालकबाई आल्या. त्या वाईट नाहीत, पण त्यांना घाई असते. "साठवताना काहीतरी चुकलं असेल तुमचं," त्या त्याला म्हणाल्या. "आज शोधा. उद्या दहा वाजता नवा सर्व्हर बसवायला माणसं येतायत, जुना पुसून टाकायचाय."

"जुना पुसला तर?" मी विचारलं.

"काळजी नको, आजी. सर्व्हरवर काहीच नसतं. सगळं पलीकडे स्टोरेजमध्ये असतं."

मी बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसले. रडले नाही. रंगमंचावर इतकी वर्षं खोटं रडले, की खरं रडू यायला जरा वेळ लागतो. तेवढ्यात जिन्यावरून हिरवा स्वेटर आला.

"थांबा," थांबाराव म्हणाले. "कोणी काही पुसलं नाही ना? कोणी परत काही टाकलं नाही ना? मग या आत. सगळे या."

आम्ही त्या गार खोलीत उभे राहिलो. त्यांनी पट्टीवाल्याला विचारलं, "काल सकाळपासून काय काय झालं ते ओळीने सांग. गाळू नकोस."

"साडेनऊला वीज गेली. पाच मिनिटांत आली. दहाला मी आजींची पट्टी लावली. पावणेबाराला संपली. फाईल बघितली. मग जेवायला गेलो."

थांबाराव पडद्याकडे वळले. दोन-तीन ओळी टाइप केल्या. वाचल्या. परत टाइप केल्या. मग बोट पडद्यावर ठेवून म्हणाले, "हे बघा. या सर्व्हरचं स्वतःचं छोटंसं पोट काठोकाठ भरलंय. पण आत जे दिसतंय ते सगळं मोजलं, तर अर्धंही भरत नाही. म्हणजे आत काहीतरी आहे, जे दिसत नाही."

मग ते स्टुलावर बसले. स्वेटरची बाही उगाच ओढली. "चूक माझी आहे," ते म्हणाले.

संचालकबाई दारातच थांबल्या. "तुमची?"

"माझीच. सोमवारी मी क्लायंटची नवी आवृत्ती टाकली. टाकताना त्याचं आपोआप सुरू होणं बंद केलं आणि परत चालू करायला विसरलो. मंगळवारी वीज गेली, सर्व्हर परत उठला, पण क्लायंट उठलाच नाही. कप्पा रिकामा होता. याने आजींची फाईल त्या रिकाम्या कप्प्यात टाकली, म्हणजे सर्व्हरच्याच पोटात. याची काही चूक नाही. बारा वाजता ऐकण्याच्या खोलीतून ओरड आली, जुनी रेकॉर्डिंगं दिसत नाहीत. मी धावत आलो, क्लायंट सुरू केला, पेटारा दिसायला लागला. लोक खूश, मी खूश. पण सुरू करायच्या आधी कप्प्यात काही पडलंय का, ते मी पाहिलं नाही."

"म्हणजे तुम्ही थांबा म्हटलं नाहीत," मी म्हणाले.

"एकदाच नाही म्हटलं, आजी."

"मग फाईल गेली?" पट्टीवाल्याने विचारलं.

"गेली नाही. झाकली गेली. वर पेटारा येऊन बसलाय."

मला एकदम कळलं. आमच्याकडे चित्रांचा पडदा सोडायचे, जंगलाचा नाहीतर राजवाड्याचा. घाईत कोणी नट मागेच राहिला, तर तो काही नाहीसा होत नाही. तिथेच उभा असतो, जंगलामागे, घाम पुसत.

"मग ओढा ना पडदा वर!" मी म्हणाले.

"ओढतो. पण कोणी आतली एक जरी फाईल उघडून बसलं असेल, तर तो सुटणार नाही. आडवाटा आहेत, पण मी लिफ्टवाला माणूस. आधी सगळे बाहेर, मग दांडा."

ऐकण्याच्या खोलीत नऊ माणसं कानाला हेडफोन लावून बसली होती. माइकवर सांगता आलं असतं. थांबाराव प्रत्येकाच्या टेबलापाशी वाकून म्हणाले, "पंधरा मिनिटं देता का? एक चूक निस्तरायची आहे, माझीच आहे." आठ जणांनी लगेच बंद केलं. नववे एक निवृत्त मास्तर होते. ते दर बुधवारी पक्ष्यांचे आवाज ऐकायला येतात.

"चार मिनिटं," मास्तर म्हणाले. "पाणकोंबडी चालू आहे."

"सर, पाणकोंबडी परत लावता येईल."

"मध्येच तोडायची? तुम्ही भाषण मध्येच तोडता का?"

थांबाराव माझ्याकडे बघायला लागले. मी पुढे झाले. तीस वर्षांचा आवाज अजून अगदीच मोडलेला नाही. "मास्तर, माझा नवरा तुमच्या पाणकोंबडीखाली अडकलाय."

मास्तरांनी हेडफोन काढला. "काय म्हणता?"

"अठरा वर्षं झाली त्याला जाऊन. त्याचा आवाज तिच्याखाली आहे. तुम्ही उठलात, तर तो बाहेर येईल."

"अहो बाई, मग हे आधी नाही का सांगायचं!" मास्तर खुर्ची मागे ढकलून उठलेच, आणि आमच्यामागून गार खोलीत आले. त्यांच्यामागून बाकीचे आठही आले. इतकी गर्दी त्या खोलीने कधी पाहिली नसेल.

थांबारावांनी क्लायंट बंद केला. बंद झाला का, ते त्यालाच विचारलं. मग कप्पा उघडला. रिकाम्या पांढऱ्या चौकटीत एकच नाव होतं, पट्टीवाल्याने घाईत घातलेलं: "आजी रीळ मंगळवार".

पट्टीवाल्याने हुश्श केलं आणि भिंतीला टेकला. मास्तरांनी टाळी वाजवली. थांबाराव म्हणाले, "थांबा. अजून झालं नाही." आधी त्यांनी फाईल एका वेगळ्या डिस्कवर उतरवली. ती उघडते का, ते पाहिलं. मग कप्पा मोकळा केला आणि भिंतीवरच्या कागदावर बोट ठेवत क्लायंट सुरू केला, त्याला विचारलं, डोळ्यांनी पाहिलं. मग फाईल पलीकडच्या पेटाऱ्यात ठेवली आणि दोन्ही प्रती सारख्या आहेत का, ते ताडून बघितलं. तेव्हा कुठे हेडफोन माझ्याकडे आला.

आधी खरखर. लांबवर आमचं संगीत. आणि मग माझ्या उजव्या कानात, अगदी चिकटून, कुजबुजे म्हणाला, "चल. उजवा पाय आधी."

पुढचे पावणेदोन तास मी हलले नाही. "दिव्यात ये, दिव्यात!" "हळू, मागचे लोक ऐकतायत." तिसऱ्या अंकात मी एक वाक्य विसरले आहे. त्याने ते तीनदा दिलं, मला तरी ऐकू आलं नाही, आणि मग तो स्वतःशीच पुटपुटला, "घरी चल, तुला दाखवतो." शेवटी टाळ्या आल्या. मी बहुतेक लगेच आत पळायला निघाले असणार, कारण तो म्हणाला, "थांब गं. घाई काय आहे? वाजवू दे त्यांना."

तेव्हा मात्र मी रडले. मास्तरांनी रुमाल दिला.

दुसऱ्या दिवशी दहाला माणसं आली. जुना सर्व्हर पुसायच्या आधी थांबारावांनी त्याचा कप्पान् कप्पा उघडून दाखवला, तेव्हाच पुसू दिला. संचालकबाईंनी त्यांच्या चुकीची लेखी नोंद मागितली. त्यांनी ती दिली, स्वतःच्या अक्षरात, एकही सबब न घालता, आणि शेवटी पुढे काय करायचं त्याची एक सूचना. बाईंनी ती वाचून खाली लिहिलं, "सूचना योग्य. भिंतीवर लावावी." आता त्या कागदावर एक ओळ जास्त आहे: सुरू करण्याआधी कप्पा खरंच रिकामा आहे का, पाहा.

पुढच्या आठवड्यात मी आभार मानायला गेले, तर थांबाराव म्हणाले, "आजी, माझ्याच चुकीचे आभार?"

मी म्हटलं, "चूक तुम्ही सांगितलीत म्हणून. नसती सांगितली, तर पट्टीवाल्याच्या डोक्यावर गेली असती, आणि माझा माणूस दुसऱ्याच दिवशी पुसला गेला असता."

त्यांनी कोपराचं ठिगळ चोळलं. मग जरा चाचरत विचारलं, "मला ऐकता येईल का? थोडंसंच."

त्यांनी शेवटची पाच मिनिटं ऐकली. टाळ्यांच्या जागी हसले आणि माझ्याकडे बघितलं. मग पट्टीवाल्याने यादीत नोंद करायला घेतली. नाटक, वर्ष, लांबी. पुढचा रकाना होता मुख्य आवाज. तो माझं नाव टाइप करायला लागला.

"थांबा," मी म्हणाले. "तिथे कुजबुजे लिहा."

"आणि तुमचं?"

"खाली कुठेतरी लिहा. मी त्यात लांबून ऐकू येते."