जशी होतीस तशीच

आयर्लंडमधल्या या नावन गावात आमची मराठी घरं मोजकीच. शनिवारी कुणाच्या तरी घरी सगळे जमतो आणि आठवडाभर ज्याच्या त्याच्या घरात काय शिजलं ते सगळ्यांना कळतं. त्यामुळे किस्से गोळा करायला मला कुठे जावं लागत नाही, ते घरपोच येतात. गेल्या हिवाळ्यात मात्र जरा जास्तच आले, आणि त्याला कारण एक कविता.

शेजारच्या नोरीनबाई शाळेतून रिटायर झाल्यात आणि लायब्ररीत कवितांचा वर्ग घेतात. चहा-स्कोनचं आमिष दाखवून त्यांनी आम्हा बायकांना एकदा नेलं. कविता चारशे वर्षांपूर्वीची, प्रेमाची. कवी उतरत्या वयाचा. प्रेयसी त्याला तरुण म्हणते, वर स्वतःच्या एकनिष्ठेच्या शपथा घेते.

"युअर मॅनला पक्कं ठाऊक आहे, ती खोटं बोलतेय," नोरीनबाई म्हणाल्या. इथे कुणाही पुरुषाला 'युअर मॅन' म्हणतात, मग तो मेलेला कवी का असेना. "आणि त्याला ठाऊक आहे, हे तिलाही ठाऊक आहे. तरी दोघं मजेत!"

माझ्या घशात स्कोन अडकला. कारण आमचे हे मला रोज सकाळी सांगतात, "जशी होतीस तशीच आहेस." लग्नाला तीस वर्षं झाली, मी आपली खूश. आणि यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू! एका डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख नुकतीच आली होती. म्हटलं, आता कळेलच खरं काय ते.

* * *

कवितेची पहिली झळ जोश्यांना. मिलिंद जोशी केस काळे करतो. बाटली किचनच्या कपाटात तांदळाच्या पिशवीमागे. त्याला वाटतं, बायकोला, मेधाला, पत्ता नाही. मेधा म्हणते, "मिलिंदचा एक केस पांढरा नाही हो."

मेधाने घरी कविता सांगितली आणि मिलिंदच्या डोक्यात किडा वळवळला. एकदा तो यांना बाजूला घेऊन म्हणाला, "ती बाटली संपतच नाही रे. वर्ष होऊन गेलं."

यांनी ते मला सांगितलं. मी म्हटलं, कंपनी चांगली असेल. दर खेपेला नवी बाटली आणायला मेधाबरोबर फार्मसीत मीच जाते.

* * *

मग केतकी. नवऱ्याबरोबर, आशुतोषबरोबर, गाडीने डब्लिनला निघाली की म्हणायची, किती स्मूथ चालवतोस, आणि डोळे मिटून घ्यायची. कवितेनंतर आशुतोषने विचारलं, डोळे का मिटतेस? म्हणे, इतकं स्मूथ की झोपच लागते.

"मग झोपेत वरचं हँडल का धरतेस?"

केतकीने उत्तर म्हणून पुरणपोळ्या केल्या. आशुतोष म्हणाला, आईच्यापेक्षा मऊ झाल्यात. आता केतकीला संशय.

* * *

मीही एक परीक्षा घेतली. आमटीत मुद्दाम मीठ घातलं नाही. हे म्हणाले, झकास! आणि सगळा भात लोणच्याशी जेवले. माझ्या डोक्यातून ते जाईना. आमटीबद्दल इतकं सहज खोटं बोलणारा माणूस माझ्याबद्दल काय काय बोलला असेल?

* * *

ऑपरेशन छान झालं. डोळ्यावरची पट्टी दुसऱ्या दिवशी सकाळी घरीच काढायची होती. मी ठरवूनच काही केलं नाही. केसांना रंग नाही, लिपस्टिक नाही. नावनमध्ये कधी नव्हे ते लख्ख ऊन पडलं होतं, तर थेट खिडकीत जाऊन उभी राहिले. वाटलं, कशाला हवं होतं हे खरं-खोटं? बरं चाललं होतं की.

यांनी पट्टी काढली. माझ्याकडे बघितलं. क्षणभर चेहरा पडला. क्षणभरच, पण मी बघितला. मला रडूच येणार होतं.

"जशी होतीस तशीच आहेस," हे म्हणाले.

हे उठून बाथरूममध्ये गेले. बऱ्याच वेळाने टकलावरून हात फिरवत बाहेर आले आणि दारातच थांबले.

"अगं, आपल्या त्या आरशाला काहीतरी झालंय. माणूस भलताच म्हातारा दिसतो त्यात."

"हो ना," मी म्हटलं. "मला कधीपासून संशय होता."