गिरजाबाई चौकीत गेल्या

अबोलीची आई सामान न्यायला मोशीला आली, तेव्हा गिरजाबाईंना तिच्या तोंडाकडे बघवेना.

अबोली त्यांची भाडेकरू. लातूरकडची पोरगी, चाकणच्या एका कंपनीत कामाला. गिरजाबाईंचं शेत बिल्डरकडे जाऊन बरीच वर्षं झाली होती. नवऱ्यामागे त्यांनी घराच्या पाठीमागच्या खोल्या अशा नोकरीवाल्या पोरींना दिल्या होत्या. सुट्टीच्या दिवशी अबोली ओट्यावर केस वाळवत बसायची आणि "मावशी, तुमचं पिठलं आमच्या आईसारखं लागतंय," म्हणून ताट पुढे करायची. तीच अबोली तळवड्याच्या अलीकडे, नदीकाठच्या बाभळीत सापडली. तिच्याच ओढणीनं गळा आवळलेला. त्या भागात अशी मारली गेलेली ती तिसरी कामगार पोरगी. हे सगळं एकाच माणसाचं काम असावं, असं पोलीस आता उघड बोलू लागले होते.

आई पोरीच्या कपड्यांच्या घड्या घालत होती. निघताना तिनं गिरजाबाईंचे हात धरले. "तुमी होता म्हणून मी गावाकडं निवांत झोपायचे. लई केलं तुमी तिच्यासाठी."

गिरजाबाईंनी हात सोडवून घेतले.

त्यांच्या मनात कुणाचं नाव घोळत होतं, हे त्या बाईला काय ठाऊक! जयदीप, त्यांचा एकुलता एक मुलगा. चाकणला फोर्कलिफ्ट चालवायचा. काही महिन्यांपासून तो खोटं बोलत होता. घरी सांगायचा ओव्हरटाइम, आणि बरोबरचा पोरगा सहज बोलून जायचा, "काकू, जयदीप तर कवाच निघाला." अबोली घरी आली नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो मोरीत स्वतःचा शर्ट चोळत होता. कधी पेला विसळला नाही असा पोरगा! कॉलरवर रक्त होतं. कोपर सोलवटलेलं. "गाडी घसरली," म्हणाला. गिरजाबाईंनी गाडीभोवती फेरी मारून बघितलं, गाडीला साधा ओरखडा नव्हता. जेवताना त्यानं आमटीला हातसुद्धा लावला नाही, नुसता दूधभात गिळला. पोलीस चौकशीला आले तेव्हा गिरजाबाईंनी यातलं अक्षर काढलं नाही.

अबोलीची आई गावी परतली आणि गिरजाबाईंचं जेवण तुटलं. पोराला वाढताना त्या त्याचे हात बघायच्या. रुंद, तेलकट हात. लहानपणी ताप आला की याच हातांनी पदर घट्ट धरून ठेवायचा. शेवटी एका सकाळी त्या चौकीत गेल्या. तपास चित्रा मॅडम नावाच्या फौजदार बाईंकडे होता.

"मॅडम, माज्या पोराकडं एकदा बघा."

"कशासाठी, आजी?"

गिरजाबाईंनी शर्टाचं सांगितलं. मॅडमनी पाणी पुढे केलं, ते त्यांनी घेतलं नाही.

जयदीपला कंपनीच्या गेटवरूनच उचललं. गल्लीत बोभाटा झाला. चुलतदीर उद्धवराव दारातच ओरडले, "वहिनी, पोटच्या पोराला? डोकं फिरलं का तुमचं?" गिरजाबाई आत वळल्या. देवा, माझी चूक निघू दे, एवढंच त्या मनात म्हणत होत्या.

त्या चुकल्याच होत्या. अबोली घरी आली नाही त्या संध्याकाळी कुठं होता, हे जयदीप आधी सांगेना. पोलिसांनी बराच जोर लावल्यावर बोलला. त्याला फिट येत होत्या. त्या संध्याकाळी तो भर रस्त्यात कोसळला होता, लोकांनी उचलून पिंपरीच्या एका दवाखान्यात नेलं होतं. दातांखाली जीभ फाटली होती, कॉलरवरचं रक्त त्या जिभेचं. कंपनीला कळलं तर फोर्कलिफ्ट जाईल, म्हणून तो चोरून औषधपाणी करत होता. दवाखान्यातल्या लोकांनी त्याला ओळखलं. पोलिसांनी सोडून दिलं, पण चौकशीत कंपनीला सगळं कळलं आणि काम गेलंच.

पुढच्या महिन्यात खरा माणूस सापडला. पोरींना कामावरून घरी सोडणाऱ्या एका मिनीबसचा ड्रायव्हर. टीव्हीवर त्याचा चेहरा बघून गिरजाबाई हमसून रडल्या. जयदीप शेजारीच बसला होता. त्यानं टीव्ही बंद केला.

"आई, तुला खरंच वाटलं, मी मारलं तिला?"

खोटं बोलायला जागा होती. त्यांनी डोळे पुसले. "व्हय. वाटलं."

"मला विचारायचंस तरी."

"तू न्हाई म्हणाला असतास, तरी माझा इश्वास बसला नसता रे."

तो उठून गेला. काही आठवडे रहाटणीला मित्राकडे राहिला. एकट्यानं राहू नको, असं डॉक्टरांनी बजावल्यावर परत आला. आता भोसरीच्या एका दुकानात बैठं काम करतो. गोळ्या गिरजाबाईच हातावर ठेवतात, तो निमूट घेतो. भांडत नाही, टोमणाही मारत नाही.

पण बाहेर पडताना दारात थांबतो आणि कुठं चाललोय, कोण बरोबर आहे, कुठल्या रस्त्यानं येईन, सगळं सांगतो. चौकीत साहेबापुढे सांगावं तसं, नजर खाली घालून.

"मी इचारलं का तुला?" गिरजाबाई कळवळून म्हणतात.

"असू दे. माहीत असलेलं बरं," तो म्हणतो आणि चपला घालतो.