हार्डनरचा डबा

छापलेली कुठलीही वस्तू हातात आली की मी आधी तिच्यावर नख मारून बघतो. सेमिनारमध्ये फुकट मिळालेलं पेन असो, नाहीतर बँकेनं दिवाळीला दिलेलं किचेन. घरच्यांना याची लाज वाटते. पण भेटवस्तूंवर कंपन्यांची नावं छापून देणं हाच माझा धंदा आहे. नारायण पेठेतल्या एका बोळात माझं दुकान आहे आणि या धंद्यात काय काय खपवलं जातं ते मला पुरतं ठाऊक आहे. लेझरनं कोरलंय म्हणून सांगतात आणि नख लावलं की स्टिकर निघतो.

गिऱ्हाईक, शाईवाला, कुरिअरवाला, सगळ्यांवर माझा संशय. सुटलेलं माणूस एकच, आमच्याकडे छपाई करणाऱ्या ताई. अकरा वर्षं त्या रोज खडकीहून यायच्या. त्यांचे वडील तिथल्या दारूगोळ्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. मोजून-मापून काम करायची सवय ताईंनी त्यांच्याकडूनच घेतली असावी. गिऱ्हाइकांशी बोलणं माझ्याकडे आणि शाई, जाळीच्या चौकटी, रंग जुळवणं सगळं त्यांच्याकडे. इतक्या वर्षांत शाईचं झाकण मी स्वतः उघडलं असेल ते दोन-चार वेळा.

मागच्या वर्षी पांढऱ्या स्टीलच्या बाटल्यांचं मोठं काम आलं. असल्या बाटलीवर साधी शाई धरत नाही. तिच्यात हार्डनर नावाचा पातळ द्रव मोजून मिसळावा लागतो, मग ती घट्ट बसते. एरवी आम्ही छापलेला माल भट्टीत तापवून पक्का करतो, पण हा पांढरा रंग भट्टीत पिवळा पडत होता.

"दादा, या हवेवरच वाळवू," ताई म्हणाल्या. "छापल्यापासून तीन दिवस कुणी हात लावायचा नाही."

मी हो म्हणालो. पण तासाभरात कोरडी दिसणारी शाई तीन दिवस कशाला ठेवायची, अशी पाल मनात चुकचुकलीच. आणि एकदा ती चुकचुकली की मला सगळीकडे पुरावे दिसायला लागतात. हार्डनरचा नवा डबा दुसऱ्याच दिवशी निम्मा झालेला दिसला. रोज दुपारी एक वाजता ताई कागदात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन मागच्या दारानं जायच्या आणि रिकाम्या हातांनी परत यायच्या. पलीकडच्या गल्लीत नुकतंच एक नवं दुकान उघडलं होतं, तेही बाटल्याच छापायचं. मी तीनही गोष्टी एकत्र बांधल्या.

गुरुवारी सकाळी ताई यायच्या आधी मी आदल्या दिवशीची एक बाटली उचलली. ब्लेडनं अक्षरांवर उभ्या-आडव्या रेघा मारल्या, वर सेलोटेप दाबून चिकटवला आणि खसकन ओढला. अर्धं नाव टेपवर आलं. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. डबा रिकामा होतोय आणि छपाई सुटतेय, म्हणजे हार्डनर शाईत जातच नाहीये. माझा संशय खरा होता तर!

ताई आल्या तेव्हा शाईवाला काउंटरवर बसलेला होता. मी त्याच्यासमोरच विचारलं, "ताई, हार्डनर शाईत घालता, की पलीकडच्या गल्लीत पोचवता?"

त्यांनी टेप पाहिला, बाटली पाहिली. "ही कधीची?"

"कालची."

"मी तीन दिवस म्हणाले होते."

"सबबी नकोत."

त्यांनी हातात घेतलेला एप्रन परत खुंटीला अडकवला, पर्स घेतली. "आपण म्हणताय म्हणजे तसंच असणार," दारातून म्हणाल्या. "बाकीच्या बाटल्यांना शनिवारपर्यंत हात लावू नका." आणि गेल्या.

शाईवाला घाईघाईनं उठला. आमच्या पेठेत बातमी वाळायला तीन दिवस लागत नाहीत. संध्याकाळी दोघांनी मला फोन करून विचारलं, ती चोरी करणारी बाई तुमच्याकडचीच ना?

शनिवारी मी पुन्हा ब्लेड आणि टेप घेऊन बसलो. एक बाटली, दुसरी, पाचवी, दहावी. टेप दरवेळी कोरा. थिनरमध्ये फडकं बुडवून घासलं तरी अक्षर हललं नाही. मग मी मागच्या दारानं बाहेर गेलो. तिथल्या कचऱ्याच्या पिंपात कागदात गुंडाळलेले कप पडले होते आणि त्यांच्यात शाईचे टणक गोळे. हार्डनर घातलेली शाई चार तासांत आळते, उरलेली टाकून नवी कालवावी लागते. अकरा वर्षं दुकानाचा मालक म्हणवून घेणाऱ्याला हे माहीत नव्हतं. मला तिथं उभं राहवेना.

दुपारी खडकीला गेलो. दार ताईंच्या वडिलांनी उघडलं. बसा म्हणाले, चहा दिला. शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

"आमच्या गेटवर रोज झडती व्हायची," ते म्हणाले. "नोकरी संपेपर्यंत दिली. कधी वाईट वाटलं नाही, कारण ती साहेबापासून सगळ्यांची व्हायची. तुम्ही हिच्या एकटीचीच घेतलीत."

ताई आतून आल्या. दोन दिवसांत त्या तीन ठिकाणी काम विचारून आल्या होत्या. तिघंही ओळखीचे, आणि तिघंही 'कळवतो' म्हणाले होते. मी चुकलो म्हणालो. परत या म्हणालो.

"माझ्या घरात येऊन माफी मागून काय उपयोग? ज्याच्यासमोर बोललात, त्याच्यासमोर सांगा."

सोमवारी शाईवाल्याला बोलावून घेतलं आणि ताईंच्या देखत सांगितलं की चूक माझी होती, हार्डनरचा थेंबही इकडचा तिकडे झाला नव्हता. तो म्हणाला, "अहो, मला वाटलंच होतं." त्यानंतर त्या तीन दुकानांतही मी स्वतः जाऊन तेच सांगितलं.

ताई परत आल्या. काम तितकंच चोख, पण एक नवी पद्धत त्यांनी सुरू केलीय. शाईत हार्डनर घालताना वजनकाटा माझ्या टेबलावर आणून ठेवतात आणि म्हणतात, "दादा, बघून घ्या." मी पाहिल्याशिवाय कालवत नाहीत. याची गरज नाही, असं मी दहादा सांगितलं. "असू दे. बघा," एवढंच म्हणतात.

सुरुवातीला मी शरमेनं, न बघताच मान हलवायचो. हल्ली चष्मा लावून आकडा वाचतो.