कार्डावरचं तिसरं नाव

निपाणीच्या नाडकचेरीत दाखल्यांच्या खिडकीमागं बसलेल्या माणसानं रेशन कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं आणि तो म्हणाला, "अम्मा, तुमचा नवरा तर घरातच हाय की."

मागं रांगेत उभी असलेली दोघं-तिघं हसली. शेवंताबाई हसली नाही. तिनं पुढं केलेला बाँडपेपर त्या माणसानं एका बोटानं बाजूला सारला होता. त्या पेपरावर अकरा वर्षांपूर्वी समाजमंदिरात पाच पंचांनी सह्या केल्या होत्या. खाली तिचा आणि देवाप्पाचा अंगठा होता. यापुढं दोघांचा एकमेकांशी संबंध नाही, असं त्यात लिहिलेलं होतं.

"ह्यो कागद घरात ठेवा," तो म्हणाला. "इथं कोर्टाचा हुकूम लागतोय. आणि कार्डावर काय लिवलंय बघा. कुटुंबप्रमुख शेवंताबाई, मुलगी उपासना, नवरा देवाप्पा. त्याचा पगार धरल्याशिवाय उत्पन्नाचा दाखला मिळत न्हाय."

"त्यो इथं ऱ्हात न्हाय, साहेब."

"मग त्याचा तांदूळ कोण खातंय?"

या प्रश्नाला शेवंताबाईकडं उत्तर होतं, पण ते खिडकीतून आत सरकवण्यासारखं नव्हतं.

त्या माणसाला दया नव्हती असं नाही. पुढचा नंबर घ्यायच्या आधी त्यानं वाट सांगितली. नवऱ्याला घेऊन या, वेगळा राहतो असं नोटरीपुढं लिहून देऊ दे, अंगठा देऊन कार्डातलं नाव काढू दे. मग एकटीच्या उत्पन्नाचा दाखला निघेल. त्या दिवशी मंगळवार होता. कॉलेजच्या सरकारी मदतीचा अर्ज भरायची शेवटची तारीख शनिवारची होती.

उपासनाला बेळगावात नर्सिंगला जागा मिळाली होती. मदत मंजूर झाली तर फी माफ आणि हॉस्टेल फुकट. नाही झाली तर ती जागा दुसऱ्या कुणाची तरी व्हायची होती. शेवंताबाई शाळेत पोरांचं दुपारचं जेवण शिजवायची. दोनशे पोरांचा भात तिच्या हातचा उतरायचा. पण कॉलेजची फी भातासारखी वाढून घेता येत नाही.

संध्याकाळी मायलेकी सायबर कॅफेत गेल्या. दुकान चालवणारा सुहास अर्ज भरून द्यायचा. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि खुर्ची मागं रेलवून म्हणाला, "मावशी, तुमचं सगळं अवघड करून ठेवलंय बघा. सोडलेल्या नवऱ्याला चार कागद लागत्यात, मेलेल्याला एकच. मयत असता तर आत्ता दोन मिनिटात झालं असतं."

"मग टाक मयत," उपासना म्हणाली. ती पडद्याकडंच बघत होती. "मी पहिलीत असल्यापासनं मला त्यांचा काय उपेग झालाय?"

"गप," शेवंताबाई म्हणाली.

"का गप? खोटं बोलाय लागलोय का मी?"

"जित्या माणसाला मारून शिकायचं न्हाय. उद्या तुझ्या हातात माणसं द्यायची हायत."

सुहासनं मान खाली घातली आणि उगाच कीबोर्ड पुसायला लागला.

देवाप्पा वाईट नव्हता, हेच शेवंताबाईला कुणाला सांगता यायचं नाही. दारू नव्हती, मारहाण नव्हती. धाकटं पोर दीड वर्षाचं होऊन तापानं गेलं. कार्डात त्याचं नाव चढायचंच राहिलं होतं. त्यानंतर दोघांपैकी कुणीही काही बोललं, की त्या बोलण्याखाली ते पोर निजलेलं असायचं. म्हणून दोघांनी बोलणं सोडलं. दोन वर्षं एका खोलीत दोन मुकी माणसं राहिली. मग देवाप्पा कागलच्या फौंड्रीत कामाला लागला, आणि तिकडंच राहायला लागला.

समाजमंदिरात पंचांनी विचारलं, पोटगीचं काय? देवाप्पाजवळ काही नव्हतं. तो बुद्धाच्या तसबिरीखालच्या फरशीकडं बघत म्हणाला, "कार्डातलं माझं नाव काढू नका. माझ्या वाटचा तांदूळ पोरीला ऱ्हाऊ दे." पंचांना ते पटलं. बाँडवर त्यातलं एक अक्षर आलं नाही. तांदळाचं काय लिहायचं, असं सगळ्यांना वाटलं.

तेव्हापासून दर महिन्याला शेवंताबाई रेशन दुकानात जायची. दुकानदार भरमूला नावं मोठ्यानं वाचायची सवय होती. "शेवंताबाई, उपासना, देवाप्पा. तीन." मग काटा. त्या तीन माणसांची नावं एका दमात कुणी घेत असेल, तर ते एवढ्या एकाच ठिकाणी. मधे एकदा सगळ्यांचे अंगठे नव्यानं घ्यायचे होते, तेव्हा देवाप्पा अर्धा दिवस खाडा करून आला. रांगेत उभा राहिला, अंगठा दिला, आणि चहासुद्धा न घेता गेला. पोरगी शाळेत होती. तो आल्याचं शेवंताबाईनं तिला सांगितलंच नाही.

बुधवारी ती कागलला निघाली. कोगनोळीपर्यंत बाईमाणसाला कर्नाटकाच्या एसटीत तिकीट नाही. पुढं दूधगंगा ओलांडली की महाराष्ट्र लागतो आणि कंडक्टर हात पुढं करतो. फौंड्रीमागच्या चाळीत तिनं दार विचारत विचारत शोधलं. दारात नागुबाई, देवाप्पाची दुसरी बायको, लसूण सोलत बसली होती. कोण आलंय हे तिनं न सांगता ओळखलं. तिनं पाट सरकवला, पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

"ते पाळीवर हायत. चारला येतील. काय काम काढलंत?"

शेवंताबाईनं सांगितलं. अर्ज, दाखला, कार्डातलं नाव. नागुबाईचे हात थांबले.

"नाव काढायचं?" ती हळू आवाजात म्हणाली. "नऊ वर्सं मी त्यासाठी भांडतोय, आक्का. आमच्या कार्डात ह्यांचं नावच चढत न्हाय. हापिसात सांगत्यात, कर्नाटकात चालू हाय, आधी तिकडनं काढून आणा. मी म्हटलं, जावा की, काढून आणा. तर एकच बोलणं. ऱ्हाऊ दे. पोराचं आणि माझं आणतोय आम्ही, त्यातच तिघं जेवतोय."

शेवंताबाईनं तांब्या उचलला, पण पाणी प्याली नाही. इतकी वर्षं तिला वाटत होतं, की तो तांदूळ सरकारचा आहे. देवाप्पानं सहज टाकून दिलेली एक वस्तू, जिची त्याला कधी आठवणही होत नसेल. तो तांदूळ या घरच्या ताटातून येत होता, हे तिला ठाऊक नव्हतं.

"मला म्हाईत न्हवतं गं," ती म्हणाली.

"तुमास्नी कसं असणार? ते कुणाला सांगत्यात व्हय काय?"

देवाप्पा आला तेव्हा त्याच्या केसांत फौंड्रीतल्या साच्यांची काळी वाळू होती. तो दारातच उभा राहिला. शेवंताबाईनं पुन्हा सगळं सांगितलं. त्यानं एकच विचारलं.

"पोरगी काय हुणार?"

"नर्स."

त्यानं मान हलवली. "परवा येतो."

शुक्रवारी तो नोटरीपुढं बसला आणि वेगळा राहतो असं लिहून दिलं. मग दोघं कचेरीतल्या रेशनच्या टेबलापुढं उभी राहिली. नाव काढायला त्याचा अंगठा हवा होता. टेबलावरच्या मुलीनं यंत्र पुढं केलं. लाल दिवा लागला. पुन्हा लाल. चौथ्यांदाही लाल. फौंड्रीच्या वाळूनं अंगठ्यावरच्या रेघा खाऊन टाकल्या होत्या.

"पुसून घ्या नीट," मुलगी म्हणाली. "ओलं करून पुसा."

देवाप्पानं अंगठा शर्टाला घासला. पुन्हा लाल. मागचा माणूस म्हणाला, "आप्पा, जायची इच्छा दिसत न्हाय तुमची." कुणी तरी हसलं.

शेवंताबाईनं पाण्याच्या बाटलीतनं पदराचं टोक भिजवलं, आणि आपण काय करतोय हे कळायच्या आधीच त्याचा हात हातात घेतला. लहान पोराचं तोंड पुसावं तसा तिनं तो अंगठा पुसला. नखाच्या कडेनं, बोटाच्या पेरानं, सावकाश. वाळू निघाली तरी काळपट डाग राहिला. अकरा वर्षांत तिनं त्या हाताला हात लावला नव्हता. मग तो अंगठा तिनंच यंत्रावर ठेवला आणि वरून दाबून धरला.

हिरवा दिवा लागला.

"झालं," मुलगी म्हणाली.

तिनं हात सोडला. बाहेर उपासना कागदांची पिशवी घेऊन उभी होती. देवाप्पा तिच्यापुढं थांबला. "बेळगावात थंडी असतिया," तो म्हणाला. "सोटर घेऊन जा."

"व्हय," उपासना म्हणाली. एवढंच. तो स्टँडच्या दिशेनं चालायला लागल्यावर मात्र ती पिशवी घेऊन तशीच उभी राहिली. तो कोपऱ्यावर वळून दिसेनासा झाल्यावरच ती दाखल्याच्या खिडकीकडं वळली.

दाखला संध्याकाळी निघाला. शनिवारी अर्ज गेला. महिन्याभरानं मदत मंजूर झाली आणि उपासना बेळगावला गेली. सोटर तिनं नेला.

कार्डातलं नाव काढल्यावर शेवंताबाई पहिल्यांदाच रेशनला गेली. जुनीच पिशवी होती, तिघांच्या मापाची, तिनं हातानं शिवलेली. भरमूनं कार्ड घेतलं आणि नेहमीसारखं मोठ्यानं वाचलं.

"शेवंताबाई, उपासना..."

तोंड सवयीनं पुढं उघडलं होतं. त्यानं कार्डाकडं पाहिलं, मग तिच्याकडं.

"दोन," तो म्हणाला आणि काट्याकडं वळला.

शेवंताबाईनं पिशवीचं तोंड धरलं होतं, नेहमी धरायची तसंच, मोठं उघडून.