मेट्रनबाईंची तोंडी परीक्षा

माझी भाची एकोणचाळिसाव्या वर्षी परत शाळेत गेली, तीही परदेशात, जर्मन शिकायला. त्याआधी चौदा वर्षं ती दवाखान्यात नर्स होती. मी तिला मेट्रनबाई म्हणायचे, कारण जन्मल्यापासून तिचा चेहरा राउंडला निघाल्यासारखा. लग्नाचं विचारायला कुणी आलं की ही त्याचा हात ओढून बीपी मोजायला बसायची. बिचारा माणूस विषय विसरून आपलाच आकडा घोकत घरी जायचा.

तिकडच्या हॉस्पिटलने नोकरी देऊ केली होती. अट एकच, आधी भाषेची परीक्षा पास व्हा. म्हणून शाळा, आणि शाळेच्याच मागे चार मजली वसतिगृह. मी तिथे पाऊल ठेवलेलं नाही, पण व्हिडिओ कॉलवर बघून बघून ती खोली मला पाठ झाली होती. दोन पलंग, मध्ये एक टेबल, खिडकीखाली हीटर आणि त्यावर वाळत घातलेले मोजे. कपाटावर, नळावर, आरशावर, सगळीकडे जर्मन शब्दांच्या चिठ्ठ्या. त्यांच्यातही आपल्यासारखी तीन लिंगं असतात, पण मुलगी म्हणे नपुंसकलिंगी. मी म्हटलं, "बघ, तुझी नोंद तिथे आधीच झालेली आहे." तिने फोनवरूनच मला सुई दाखवली.

मधली सुट्टी झाली की तिचा फोन यायचा. मी बहिणीकडेच राहायचे, त्यामुळे माझ्या बहिणीला, म्हणजे तिच्या आईला, मीच फोन धरून द्यायचे. मग मेट्रनबाई दहा मिनिटं जर्मनमध्ये भाषण ठोकायच्या. विषय काय, तर शहरातली सार्वजनिक वाहतूक. बहीण चष्मा लावून शेवटपर्यंत ऐकायची आणि म्हणायची, "छान. पण भांडतेयस कुणाशी?"

"भांडत नाही, आई. भाषाच तशी आहे."

"कफ सुटला का गं एकदाचा?" हे मी.

"मावशी, तू गप्प बस."

खोलीत तिच्याबरोबर आपलीच एक पोरगी होती, बावीस वर्षांची, तीही नर्सच. तिला सगळे चिमणी म्हणायचे. दोघींचं एका गोष्टीवर एकमत नाही. ही खिडकी उघडणार, ती लावणार. हिने स्वयंपाकघरात पातेलं ठेवलं की ती म्हणणार, माझी वेळ होती. आणि तोंडी परीक्षा कशी, तर जोडीने. दोघींना एक विषय देतात. एकीने सुचवायचं, दुसरीने मोडता घालायचा, वाद घालून शेवटी काहीतरी ठरवायचं. शाळेने या दोघींचीच जोडी लावली. भांडायचेच मार्क मिळतात म्हटल्यावर मी घरी बसून पहिला नंबर देऊन टाकला.

पण मेट्रनबाई दोनदा नापास झाल्या होत्या, दोन्ही वेळा तोंडीत. लेखी चोख. समोर परीक्षक बसले की मात्र घसा आवळायचा, शब्दच फुटायचा नाही. आता तिसरी वेळ, आणि शेवटची. राहायच्या परवानगीची मुदत महिनाअखेर संपत होती. इकडची नोकरी सोडून गेली होती. नापास झाली असती तर ना इकडची ना तिकडची.

परीक्षा आठ दिवसांवर आली आणि माझी बहीण दवाखान्यात पडली. किडन्या. आम्ही मेट्रनबाईंना सांगितलं, आईचा घसा बसलाय, डॉक्टरांनी बोलायला मनाई केलीये. वॉर्डात आयुष्य काढलेल्या बाईला आम्ही असल्या थापा मारत होतो! तिने औषधांच्या चिठ्ठीचा फोटो मागितला. मी दोन वर्षांपूर्वीची चिठ्ठी काढली, तारखेवर अंगठा ठेवला आणि फोटो पाठवला.

मंगळवारी सकाळी बहीण गेली. परीक्षा गुरुवारी.

भाच्याने, म्हणजे मेट्रनबाईंच्या धाकट्या भावाने, तिला लावायला फोन उचलला. मी तो त्याच्या हातातून काढून घेतला.

"मावशी, दे इकडे. तिची आई गेलीये."

"माझी बहीण गेलीये. परवा परीक्षा आहे तिची."

"तिला कळायला नको?"

"कळेल. गुरुवारी दुपारी कळेल. आज कळून ती काय करणार? पोचेपर्यंत सगळं उरकलेलं असणार. वर रडत रडत परीक्षेला बसली तर दोन वर्षं पाण्यात."

तो भिंतीला टेकून रडायला लागला. मी रडले नाही, मला कामं होती. पहिलं काम म्हणजे चिमणीला फोन. तिला खरं सांगितलं आणि म्हटलं, तिच्या फोनवर कुणाचा मेसेज आला तर आधी तू बघ, आणि पुसून टाक.

 पोरगी म्हणाली, "मावशी, जोडी माझी आहे तिच्याबरोबर. मी तिच्या तोंडाकडे बघून कशी बोलू?"

"बोलशील. एक आली नाही तर दुसरीचीही परीक्षा रद्द होते ना? मग तुझंही बघ जरा."

हे मी बोलले. बावीस वर्षांच्या पोरीला बोलले.

गुरुवारी, शहरातल्या परीक्षा केंद्रावर निघायच्या आधी, मेट्रनबाईंचा फोन आला. केस घट्ट बांधलेले, अंगात इस्त्रीचा शर्ट.

"आई?"

"झोपलीये."

आता इथे मी नेहमीसारखं काहीतरी चिडवायला हवं होतं. कफ, घसा, काहीही. मी रात्रभर वाक्य जुळवून ठेवलं होतं. तोंडातून निघालं भलतंच, "नीट जा हं, बाळा."

उभ्या जन्मात मी तिला बाळा म्हटलेलं नाही. ती फोनमध्ये माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बस आली. ठेवते."

पुढचं मला चिमणीने सांगितलं. खोलीत दोन परीक्षक, टेबलावर पाण्याचा जग. विषय निघाला, शाळा सोडून जाणाऱ्या मैत्रिणीसाठी निरोपाचा कार्यक्रम ठरवा. मेट्रनबाई म्हणाल्या, शाळेच्या हॉलमध्ये करू. चिमणी म्हणाली, हो, बरोबर आहे तुझं. शनिवारी ठेवू? हो, शनिवारी. जेवण विकत आणू या? तू म्हणशील तसं.

परीक्षक बाईंनी लिहायला सुरुवात केली. चिमणीची मान खाली. चौदा वर्षं मेट्रनबाईंनी वॉर्डात नातेवाइकांशी असंच मऊ बोलणाऱ्यांना पाहिलेलं. तिला काय सांगायचं राहिलं होतं?

मेट्रनबाईंनी खुर्ची चिमणीकडे वळवली आणि खणखणीत जर्मनमध्ये म्हणाल्या, "नाही, तुला पटलेलं नाही. हॉल थंडगार असतो, असं कालच कुरकुरत होतीस. आणि विकतचं जेवण तुला कधी आवडलंय? बोल की." चिमणी बोलेना. मग हिने चिमणीच्या वाटचे आक्षेप स्वतःच घेतले, स्वतःच खोडले, मुद्दाम काहीतरी मूर्खासारखं सुचवलं. शेवटी चिमणी चिडली. म्हणाली, शक्यच नाही, शनिवारी निम्म्या जणींची ड्यूटी असते! आणि मग वेळ संपेपर्यंत दोघी खोलीत भांडतात तशा भांडल्या. घसा आवळला नाही. एकदाही नाही.

बाहेर पॅसेजमध्ये तिने खुंटीवरचा कोट काढला, सगळी बटणं लावली आणि मराठीत विचारलं, "कधी?"

"परवा सकाळी."

"बरं. तू आधी पाणी पी."

मग मला फोन. नुसता आवाज, व्हिडिओ नाही. "किती वाजता?" सहा वीसला. "लघवी कधीपासून बंद होती?" शनिवारपासून. "ऑक्सिजन लावला होता? सूज कुठपर्यंत होती?" ड्यूटी बदलताना नर्सा एकमेकींना रिपोर्ट देतात, तसा ती माझ्याकडून घेत होती. मी देत गेले. सांगण्यासारखं संपलं तेव्हा ती म्हणाली, "तू बाळा म्हणालीस तेव्हाच कळलं मला."

"मग विचारलं का नाहीस गं?"

"विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस. मग मला परीक्षेला जाता आलं नसतं. मला जायचं होतं, मावशी."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. तिने पुढचं विचारलं.

"शेवटी शुद्धीत होती?"

"थोडी."

"काही म्हणाली?"

तुझं नाव घेतलं, एवढं म्हटलं की झालं होतं. सगळे तेच सांगतात, आणि ऐकणाऱ्यालाही ते हवं असतं. माझ्या जिभेवर आलंही होतं. पण आठ दिवसांत मी इतकं खोटं बोलले होते की आणखी एक निघेना.

"पंखा बंद कर म्हणाली."

"केलास?"

"केला."

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

पंधरा दिवसांनी निकाल लागला, दोघी पास. हे मला चिमणीने कळवलं, मेट्रनबाईंनी नाही.